पदराच्या गाठीतल्या चार बिया: अनोळखी माणसासाठी काही केलं आणि न मागता काय मिळालं?

नीरेकाठी | १२ एप्रिल, सकाळी ७:५०

काल अंगणातला अबईचा वेल उतरवला. वाळलेल्या शेंगा फोडून बिया सुपात काढल्या, किडक्या बाजूला केल्या आणि मोजल्या. एकशे चाळीस भरल्या. २०१२ साली माझ्याकडे चार होत्या. त्या कशा आल्या ते आज लिहूनच टाकतो.

जूनचा पहिला आठवडा होता. स्वारगेटहून फलटण गाडी पकडली, मला लोणंदला उतरायचं होतं. पुढच्या सीटवर नऊवारीतल्या एक आजी. कंडक्टर जवळ आला तशी त्यांनी कंबर चाचपली, मग पिशवी मांडीवर उलटी केली. एक लुगडं, चुरमुऱ्याची पुडी, औषधाची बाटली. बटवा नव्हता. गर्दीत कुणीतरी मारला असणार. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. ते बघणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "मास्तर, आजींचं वाल्ह्याचं एक हाफ माझ्याकडून घ्या." तीस-पस्तीस रुपये असतील. बास, एवढंच केलं.

जेजुरी मागे पडली तशा आजी मागे वळल्या. पदराची गाठ दातानं सोडली. आत आठ बिया होत्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या, लालसर गुलाबी, एका कडेला लांब काळी रेघ. म्हणाल्या, "मुळशीला भैणीकडनं आणल्यात. चार तुझ्या. रातभर भिजत घाल, डोळा खाली करून लाव. मांडव मोठा घाल बरं, लई पळतो ह्यो." बिया माझ्या तळहातावर मोजून ठेवल्या आणि माझी मूठ त्यांनीच मिटली. वाल्ह्याला उतरून गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

घरी तेव्हा आई जाऊन आठ महिने झाले होते. आण्णा ओसरीवर बसून असायचे. जेवायला बोलावलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. शेतीवाडीतला माणूस, पण कशाला हात लावत नव्हते. मी त्या बिया त्यांच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "ह्या कशाच्या?" त्यांनी एक उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "अबई. तुझ्या आईच्या माहेरी मांडव होता याचा." त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

चारातल्या तीन उगवल्या. एक गोगलगायीनं खाल्ली. दोन वेल आण्णांनी वाढवले. सकाळी उठून तांब्याभर पाणी घेऊन जायचे ते कधी कधी तासभर तिथंच असायचे. मग शेजारी बघायला यायला लागले, आण्णा त्यांना कोवळी शेंग कशी ओळखायची ते सांगायला लागले. दसऱ्यापर्यंत माणूस माणसात आला होता. मी ना डॉक्टर गाठला होता ना कुणाचा सल्ला घेतला होता.

पुढे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याबद्दल वाचलं. गावरान बियाणं घराघरांतून गोळा करून जपलं म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा नीट कळलं की त्या आजींनी मला किती मोलाची वस्तू दिली होती. त्यांच्या आठातल्या चार. निम्मं बियाणं.

आण्णा २०१९ ला गेले. वेल आहे.

तर धागा यासाठी काढला आहे. तुम्ही अनोळखी माणसासाठी काय केलंत ते दोन ओळींत सांगा. त्यातून तुमच्याकडे काय आलं, ते मात्र सविस्तर सांगा.

---

घाटवाट | १२ एप्रिल, सकाळी ८:३५

"माझी मूठ त्यांनीच मिटली" इथं थांबलो. सविस्तर प्रतिसाद रात्री देतो.

---

कलिन्याची | १२ एप्रिल, दुपारी १:१५

आमच्या घराची गोष्ट आहे, माझ्या एकटीची नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली तो दिवस. आम्ही त्या वेधशाळेपासून फार लांब नव्हतो. इमारतीचा पहिला मजला. संध्याकाळी पाचला तळमजल्याच्या खिडक्यांना पाणी लागलं. रस्त्यावरून माणसं एकमेकांचे हात धरून चालली होती. आई जिन्यात उभी राहून हाक मारत होती, "वर या, पुढे मिठी नदीचं पाणी आहे, जाऊ नका."

अकरा जण आले. दोन कॉलेजच्या मुली, एक गरोदर बाई आणि तिचा दीर, बँकेतले दोघे, एक प्लंबर, एक शाळेची बस चालवणारे काका आणि त्यांच्याबरोबरची तीन पोरं, ज्यांना घरी पोचवायचं राहिलं होतं. वीज गेलेली. आईनं रॉकेलच्या स्टोव्हवर पातेलंभर पिठलं आणि भात केला. बाबांनी जुने पेपर काढले आणि सगळ्यांच्या बुटांत बोळे कोंबले. रात्री जिन्यात मेणबत्तीच्या उजेडात अकरा जोड ओळीनं ठेवलेले मला अजून दिसतात. पोरांच्या शाळेच्या बुटांत पेपर मावत नव्हता म्हणून बाबांनी वह्यांची पानं फाडून घातली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गेले. आम्हाला वाटलं, झालं.

२६ जुलै २००६ ला सकाळी साडेसातला घरचा फोन वाजला. बसवाले काका. "वहिनी, वर्ष झालं. सगळे ठीक ना?" मग बँकेतले एक. मग त्या बाई, आठ महिन्यांच्या बाळाचा आवाज ऐकवायला. तेव्हापासून दर वर्षी. आधी लँडलाइनवर, मग मोबाइलवर, आता त्यांचा आणि आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. प्लंबर दादा गावी आझमगडला गेले, तरी त्यांचा निरोप चुकत नाही.

आई २०१४ ला गेली. माझे सख्खे नातेवाईक गाड्या शोधत होते तेव्हा अकरातले पाच जण दारात हजर होते. बसवाले काकांनी खाली रिक्षा-टेम्पोचं सगळं बघितलं. तीन पोरांतला एक तोवर मोठा झाला होता. तो बाबांजवळ बसून राहिला, काही न बोलता. मला भाऊ नाही. त्या दिवशी ते जाणवलं नाही.

---

सुलभाताई | १२ एप्रिल, दुपारी ३:०२

कलिन्याची, वाचून डोळे भरले. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

---

घाटवाट | १२ एप्रिल, रात्री १०:४०

सकाळी म्हटल्याप्रमाणे लिहितो.

२००९ साली सासवड रस्त्यावर एका दुचाकीवाल्याला ट्रकनं उडवलं. मी सायकलवर होतो. लोक गोल करून उभे, कुणी हात लावत नव्हतं. मी आणि एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण त्याला उचलताना आम्ही मान आधाराशिवाय सोडली होती. डॉक्टरांनी ते शांतपणे सांगितलं, ओरडले नाहीत. मला ते फार लागलं. त्यानंतर जबाबासाठी चार फेऱ्या झाल्या, ते वेगळं. घरचे म्हणाले, पुन्हा या भानगडीत पडू नकोस.

मी उलटं केलं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा वर्ग केला. मान कशी धरायची, रक्त कसं दाबून थांबवायचं, घशात अडकलं तर काय करायचं. हे सगळं त्या माणसामुळे, ज्याचं नावही मला आता आठवत नाही.

२०१७ मध्ये मामेबहिणीच्या लग्नात पंगत बसली होती. धाकटा काका जेवता जेवता एकदम उभा राहिला. आवाज नाही, खोकला नाही, दोन्ही हात गळ्याशी. लोक पाणी पाजायला धावले. मी पाणी बाजूला केलं, त्याला पुढे वाकवलं आणि खांद्याच्या पात्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा दिल्या. काही नाही. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर दाब. तिसऱ्या दाबाला जिलेबीचा तुकडा पडला. काका खाली बसला आणि त्यानं पहिला श्वास घेतला, तो आवाज मी विसरणार नाही.

त्या रस्त्यावर मी मान चुकीची धरली नसती, तर वर्गाला गेलो नसतो. काका आज आहे तो त्या चुकीमुळे.

एक कामाची गोष्ट, कारण भीतीनं लोक थांबत नाहीत. आता परिस्थिती बदलली आहे. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूनं मदत केली आणि त्यात जखमीला काही झालं, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राकडून ऑक्टोबर २०२१ पासून ५,००० रुपयांचं बक्षीस होतं. २०२५ मध्ये ते २५,००० झालं आणि योजनेचं नाव ‘राहवीर’ ठेवलं. १०८ लावा, थांबा, हात द्या.

---

अमृता_ठाणे | १३ एप्रिल, सकाळी ९:१८

माहिती फार उपयोगाची. पण बक्षीस लावल्यानं मदतीतला भाव जातो असं नाही वाटत? पैशासाठी उचललं आणि माणुसकीनं उचललं यात फरक राहणार ना?

---

घाटवाट | १३ एप्रिल, सकाळी ९:५५

रस्त्यावर पडलेल्याला तो फरक कळत नाही. त्याला तास मोजून मिळालेला असतो. गोल करून उभ्या असलेल्या तीस जणांतला एक जरी त्या पैशाकडे बघून पुढे आला तर मला चालेल. शिवाय माझा अनुभव असा की लोकांना पैसे नको असतात, ‘तुला त्रास होणार नाही’ एवढी खात्री हवी असते. बक्षिसातून सरकार तेच सांगतं.

---

वर्धाकाठ | १३ एप्रिल, दुपारी १२:३०

सगळे चांगलं लिहितायत, मला थोडं वेगळं लिहायचं आहे. राग मानू नका.

नागपूर स्टेशनवर २०१६ ला एका मुलाला दोन हजार दिले. इंटरव्ह्यूला आलोय, बॅग चोरीला गेली, रडत होता. कागदपत्रांच्या झेरॉक्सही दाखवल्या. मी तेव्हा शिकवण्या घेत होते, ते माझे आठवड्याभराचे पैसे होते. नंबर दिला होता, तो लागलाच नाही. महिन्याभरानं तोच मुलगा, तीच पिशवी, त्याच फलाटावर, दुसऱ्या बाईसमोर रडताना दिसला. मी काही बोलले नाही, सरळ घरी आले. नंतरची कित्येक वर्षं मी कुणालाही एक रुपया दिला नाही. खरंच गरज असलेल्यांनाही नाही, हे मला माहीत आहे.

माझं म्हणणं असं की असे धागे वाचून वाटतं, चांगलं केलं की काहीतरी येतंच. येत नाही. माझ्यासारखे खूप आहेत, ते लिहीत नाहीत इतकंच. आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी मग असं समजायचं का, की आपलंच काही कमी पडलं?

---

नीरेकाठी | १३ एप्रिल, दुपारी २:१०

वर्धाकाठ, राग कसला. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं, नाहीतर धागा एकांगी झाला असता. तुमचं काही कमी पडलं नाही. त्या मुलानं तुमचे पैसे नेले, त्याहून मोठं म्हणजे तुमची पुढची कित्येक वर्षं नेली. मला त्याचाच जास्त राग आला.

मीही त्या आजींखेरीज कितीतरी जणांना तिकिटाचे, चहाचे पैसे दिले असतील. कुणी बिया दिल्या नाहीत. मला ते आठवतही नाहीत, कारण त्यातून पुढे काही घडलं नाही. आठवतं तेवढंच आपण इथं लिहितोय, हे तुमचं बरोबर आहे.

---

आकडेमोड | १३ एप्रिल, दुपारी ४:४४

वर्धाकाठ यांच्या प्रश्नाच्या कडेकडेनं जाणारी एक गोष्ट. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये एक मोठा प्रयोग छापून आला होता. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिसं अशा ठिकाणी काउंटरवर दिली, ‘रस्त्यात सापडलं’ म्हणून. काही पाकिटांत पैसे, काहींत नाहीत. मालकाचा ईमेल पत्ता आत. आपल्यालाही वाटलं असतं तेच सगळ्यांना वाटत होतं, की पैसे असलेली पाकिटं कमी परत येतील. झालं उलटं. बिनपैशाच्या पाकिटांबद्दल साधारण ४० टक्के लोकांनी कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के. भारतही त्या ४० देशांत होता.

म्हणजे तो फलाटावरचा मुलगा खरा आहे, पण आपण मनात धरतो तेवढे ते जास्त नाहीत. अर्थात ज्याचे दोन हजार गेले त्याला टक्केवारी सांगून काही होत नाही, हेही मान्य.

---

वेळापूरची सून | १४ एप्रिल, सकाळी ६:२०

आमच्याकडं वारी येते. माऊलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला मुक्कामाला असते. सासऱ्यांच्या आधीपासून परभणीकडची एक दिंडी आमच्या वाड्यात उतरते. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आषाढात घाबरून गेले होते. सत्तर माणसं. पहाटे तीनला उठून भाकरी. सासूबाई म्हणाल्या, "आपण देत नाही गं, ते घेतात. घेणारा मिळायला नशीब लागतं." मला तेव्हा कळलं नाही. कंबर दुखत होती इतकंच कळत होतं.

२०२० ला पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. मुक्कामाच्या दिवशी वाडा रिकामा. सासूबाईंनी तरी पहाटे चूल पेटवली. मी म्हटलं, "कुणासाठी?" त्या काही बोलल्या नाहीत. चार भाकरी केल्या आणि गाईला घातल्या.

सहा वाजता फोन आला. दिंडीतल्या एक वारकरी आजी. नातवाकडून फोन लावून घेतला होता. मला म्हणाल्या, "सूनबाई, ह्या वक्ताला तुमच्या वट्यावर असते मी. म्हणलं निदान आवाज तरी ऐकावा." मग एकेकाचे फोन. दिवसभर. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाला काम नाही, कुणाचा पोरगा पुण्याहून चालत आला. आमच्या घरात तेव्हा सासरे अंथरुणावर होते, आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. फोनवर मी रडले आणि सांगितलं.

गाड्या सुरू झाल्यावर, दिवाळीच्या आसपास, दोघं जण परभणीहून आले. बरोबर ज्वारीचं एक पोतं. "मालदांडी आहे, दादांना हिची कण्या करून घाला, पचायला हलकी." त्यांचं स्वतःचं पावसानं किती नुकसान झालं होतं ते आम्हाला नंतर समजलं. सासऱ्यांनी शेवटचे चार महिने त्या ज्वारीच्या कण्या खाल्ल्या, दुसरं काही चालत नव्हतं.

सासूबाई बोलल्या होत्या ते मला त्या पोत्याचं तोंड सोडताना कळलं. २०२२ ला दिंडी परत आली तेव्हा मी तीनच्या आधीच उठले.

---

सुलभाताई | १४ एप्रिल, सकाळी ७:४५

"घेणारा मिळायला नशीब लागतं." वहीत लिहून ठेवलं.

---

परळकर | १४ एप्रिल, दुपारी ११:५०

मी टाटा हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहते. ज्यांनी तो भाग पाहिला आहे त्यांना सांगायला नको. बिहार, बंगाल, आसाम, आपलं मराठवाडा-विदर्भ, कुठून कुठून माणसं येतात. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. रात्री अंथरलेल्या चादरींमधून वाट काढत मी घरी येते.

मी फक्त गरम पाणी देते. रोज सकाळी दोन मोठे थर्मास, आणि उन्हाळ्यात साधं पाणी. केमो चालू असलेल्यांना उकळलेलं पाणी लागतं आणि फुटपाथवर ते मिळवणं फार अवघड आहे. यापेक्षा जास्त मला परवडत नाही.

एक बंगाली बाई चार महिने होती. मुलाला रक्ताचा कर्करोग. तिला हिंदी येत नव्हतं, मला बंगाली नाही. ती पाणी घ्यायची आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवायची. एक दिवस तिनं माझ्या उसवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं, पिशवी ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत दिली. शिवण असं होतं की मी बघतच राहिले. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून साध्या धावत्या टाक्यानं मासे, कमळ, वेल भरलेले. त्याला कांथा म्हणतात हे नंतर कळलं. मी खुणेनं म्हटलं, मला शिकवा. मग रोज दुपारी अर्धा तास, फुटपाथच्या कडेला, ती माझं बोट धरून टाका घालायला शिकवायची. तिचा मुलगा पडल्या पडल्या आमच्याकडे बघायचा आणि मी चुकले की हसायचा. तिनं मला नंतर खुणेनं सांगितलं, तो हसतो म्हणून तू चुकत जा.

ते मार्चमध्ये गावी गेले. पुढचं मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही आणि पत्ताही नव्हता.

मी गिरणी कामगाराची मुलगी, सुईदोरा घरात होताच, पण हे वेगळं होतं. आता मी आणि गल्लीतल्या तिघी जुन्या साड्यांच्या गोधड्या त्या टाक्यानं करतो. आपली गोधडी आणि त्यांचा कांथा एकाच घरातल्या बहिणी आहेत असं मला वाटतं. विकत नाही. फुटपाथवरच्या लहान मुलांना देतो. प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात एक मासा असतो. पहिला मासा तिनं माझ्या पिशवीवर काढला होता, तसाच, शेपटी जरा वर उचललेली.

---

अमृता_ठाणे | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

परळकर, जुन्या सुती साड्या पाठवल्या तर चालतील का? घरी आजीच्या आठ-दहा आहेत, कुणी नेसत नाही.

---

परळकर | १४ एप्रिल, दुपारी १:०५

चालतील काय, पाहिजेतच. मऊ झालेल्या हव्या, नवीन कडक नकोत. तुम्हाला निरोप पाठवते.

---

शिकागोचा हिवाळा | १५ एप्रिल, सकाळी ५:३०

इथून लिहितोय, आमच्याकडे अजून आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे. आमच्या गल्लीत एक पोलिश आजोबा एकटे राहतात. पहिल्या वर्षीच्या मोठ्या बर्फात मी माझी गाडी उकरली आणि शेजारचीही उकरून टाकली. त्यांची आहे हे माहीत नव्हतं, फावडं हातात होतंच. इथं अशी एक रीत आहे की ज्यानं बर्फ उपसून जागा केली, तो तिथं जुनी खुर्ची वगैरे ठेवून जातो आणि बाकीचे ती जागा घेत नाहीत. मला ही रीत माहीतच नव्हती. रात्री कामावरून आलो तर सगळा रस्ता भरलेला आणि माझ्याच जागेवर एक लाकडी खुर्ची. मी वैतागून पुढे निघालो, तेवढ्यात आजोबा खिडकीतून हात हलवायला लागले. खाली येऊन त्यांनी खुर्ची उचलली आणि मला आत वळायची खूण केली. संध्याकाळभर ते खिडकीशी बसून माझी जागा राखत होते.

देश सोडून आल्यावर ‘माझी जागा’ म्हणावं असं काही नव्हतं. ती पहिली.

आकडेमोड यांनी प्रयोग सांगितला म्हणून आमच्या शहरातला एक सांगतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी इथल्या बागेतल्या स्केटिंगच्या जागी थंडीत लोकांना गरम चॉकलेटचा कप देऊ केला, आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायचा का असं विचारलं. देणाऱ्यांना अंदाज करायला सांगितला, घेणाऱ्याला किती बरं वाटेल. अंदाज सरासरीनं कमीच निघाला. देणाऱ्याला दिसतो कप, घेणाऱ्याला दिसतं की कुणीतरी माझी आठवण केली. मला वाटतं म्हणूनच परत येणारं नेहमी मापाबाहेरचं वाटतं. आपलं माप चुकलेलं असतं, त्यांचं नाही.

---

कलिन्याची | १५ एप्रिल, सकाळी १०:१०

हे अगदी पटलं. आईला शेवटपर्यंत वाटायचं की तिनं फक्त पिठलं केलं होतं.

---

वर्धाकाठ | १७ एप्रिल, रात्री ९:२५

दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा उघडला. परळकर यांची पोस्ट मुलीला वाचून दाखवली.

माझं मत बदललं असं म्हणणार नाही. दोन हजार गेले ते गेलेच. पण एक आठवलं. त्याच स्टेशनवर, त्याच वर्षी, मला चक्कर आली होती तेव्हा एका हमालानं मला त्याच्या हातगाडीवर बसवून बाहेर आणलं होतं आणि पैसे घेतले नव्हते. त्या मुलाची गोष्ट मी शंभर जणांना सांगितली. हमालाची आज पहिल्यांदा लिहितेय.

नीरेकाठी, तुमच्याकडे एकशे चाळीस बिया आहेत म्हणालात. आमच्या अंगणात कुंपणाला जागा आहे. बिया मिळतील का? आमच्याकडच्या उन्हात वेल टिकेल का?

---

नीरेकाठी | १८ एप्रिल, सकाळी ७:१५

का नाही मिळणार. पत्ता निरोपातून कळवा. चार पाठवतो, आणि वर दोन जास्त, गोगलगायीसाठी.

अजून कुणाला हव्या असतील तर सांगा, पण आधी हे वाचा. भाजी कोवळ्या शेंगांची करतात. नखानं सहज तुटली तर कोवळी, शिरा काढाव्या लागल्या तर जून झाली. वाळलेल्या बिया तशाच खायच्या नाहीत. आमच्याकडे त्या भिजवून, भरपूर उकळून, ते पाणी टाकून, साल काढून मगच घेतात. पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, रंग मोहात पाडणारा आहे.

लावायच्या आदल्या रात्री भिजत घाला. काळी रेघ म्हणजे डोळा, तो खाली. दोन बियांत हातभर अंतर तरी सोडा. मांडव माणूस खालून चालत जाईल एवढा उंच हवा, शेंगा वीतभराहून लांब होतात आणि जड असतात.

---

वर्धाकाठ | १८ एप्रिल, सकाळी ८:०२

पत्ता पाठवला. आत्ता लावू की थांबू?

---

नीरेकाठी | १८ एप्रिल, सकाळी ८:२०

थांबा. मृगाचा एक चांगला पाऊस पडू द्या, जमीन थंड होऊ द्या. तोवर बिया कोरड्या फडक्यात गाठ मारून ठेवा.